एका गळासाठी किती पाखरं?

भिलाईतल्या मरोद्याचा तलाव असो की कोकणातली खाडी, गळ टाकून बसणाऱ्याचं सामान ठरलेलं. काठी, दोरा, गळ आणि कणकेची गोळी नाहीतर गांडूळ. छत्तीसगडीत या गळाला ‘गरी’ म्हणतात आणि आपला कोकणातला माणूसही ‘गरी’च म्हणतो.

आता कल्पना करा, या गरीवर गांडूळ नाही. तिच्यावर पिवळं आणि काळं रेशीम गुंडाळलंय, त्यावरून चंदेरी जर फिरवलीय आणि पाठीवर सात-आठ पक्ष्यांच्या पिसांचा रंगीत पंख बसवलाय. दागिन्यासारखी ही वस्तू म्हणजे ‘सॅमन फ्लाय’. सॅमन मासा पकडायला बनवलेली पिसांची माशी.

माशी, पण कुठलीच नाही

गंमत अशी की, अशी माशी निसर्गात कुठेच नसते. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. या प्रवासात तो जवळजवळ काहीच खात नाही. म्हणजे त्याला भूक नाही, तरी तो कधीकधी समोरच्या वस्तूवर झडप घालतो. मग कशावर घालेल? ज्याला जे सुचलं ते त्याने बांधून पाहिलं.

१९व्या शतकात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये या सुचण्याला ऊत आला. विल्यम ब्लॅकर या आयरिश कारागिराचं पुस्तक १८४२ मध्ये आलं, जॉर्ज केल्सनचं १८९५ मध्ये. प्रत्येक माशीला नाव आणि पाककृतीसारखी साहित्याची यादी. साम्राज्याच्या जहाजांतून जगभरची पिसं लंडनला उतरत होती, त्यामुळे यादी लांबतच गेली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड हा समुद्रात जाऊन येणारा ट्राउट पकडतात. त्याच्या माशा मात्र साध्या, बऱ्याचदा जनावरांच्या केसांच्या.

यादीत आपलंही नाव

‘जॉक स्कॉट’ या सर्वांत प्रसिद्ध माशीची यादी वाचा. टूकन, मकाव, सोनेरी फेझंट अशी परदेशी नावं येतात आणि मध्येच आपली ओळखीची मंडळी भेटतात. मोर आहे. ‘फ्लोरिकन’ आहे, म्हणजे आपल्या तणमोराच्या कुळातला पक्षी. आणि दोन्ही बाजूंना रानकोंबडा.

हा आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांवर पिवळसर, मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. पाण्यात ते माशाच्या डोळ्यासारखे दिसतात, म्हणून जवळपास प्रत्येक भारी माशीला ते हवेच. छत्तीसगडच्या जंगलात दिसतो तो त्याचा भाऊबंद, तांबडा रानकोंबडा. त्याच्या मानेवर हे ठिपके नाहीत.

हौस वाढली तशी किंमत पाखरांनी मोजली. त्यात बायकांच्या टोप्यांसाठीही पिसांचा मोठा व्यापार चालायचा. अखेर १९०२ मध्ये भारतातून जंगली पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवायला सरकारने बंदी घातली. ब्रिटनने १९२१ मध्ये आयातीविरुद्ध कायदा केला. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्यालाही संरक्षण दिलं. तणमोराची अवस्था मात्र आज फार बिकट आहे. अकोला-वाशिमच्या माळरानांवर पावसाळ्यात उंच उड्या मारणारा हा पक्षी २०२१ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. त्याच्या मुळावर आली आहेत नाहीशी होणारी गवताळ कुरणं.

हौसेची चोरी

जुन्या पद्धतीची माशी जुन्याच साहित्याने बांधायची, हा छंद आजही जगभर आहे. यातले बहुतेक जण ती पाण्यात टाकतच नाहीत, चौकटीत लावतात. जुन्या पेट्या, जुन्या टोप्या, कायदेशीर पैदाशीचे पक्षी यांतून पिसं मिळवतात. पण एकदा हौसेने मर्यादा ओलांडली. जून २००९ मध्ये लंडनमध्ये शिकणाऱ्या एका अमेरिकन बासरीवादकाने ट्रिंगच्या निसर्ग संग्रहालयात रात्री शिरून २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. काही तर आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १९व्या शतकात जमवलेली होती. पोलिसांना १७४ अखंड सापडली, पण लेबल फक्त १०२ वर उरलं होतं.

लेबल गेलं म्हणून काय बिघडलं, असं वाटेल. पण पक्षी कुठे, कधी मिळाला हे त्या चिठ्ठीवरच असतं. ती तुटली की अभ्यासकाला तो पक्षी जवळजवळ मुका होतो.

तुम्ही बांधून बघा

म्हणून सुंदर व्हिडिओ पाहून रानकोंबड्याची पिसं शोधायला जाऊ नका. त्यांची खरेदी-विक्री आपल्याकडे गुन्हा आहे. गळून पडलेलं मोरपीस देशात चालतं, परदेशी पाठवता येत नाही. बाकी सामान घरातच आहे.

आधी गावठी कोंबडीचं पंखाचं पीस घ्या आणि साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. एका बाजूचे तंतू बोटाने विलग करा, मग टोकाच्या दिशेने हळूच चोळा. ते पुन्हा चिकटतील! तंतूंना डोळ्यांना न दिसणारे बारीक आकडे असतात, ते वेल्क्रोसारखे एकमेकांत अडकतात. याच युक्तीने वेगवेगळ्या रंगांचे तंतू शेजारी ठेवून एकसंध पंख करतात. तिकडे त्याला ‘लग्न झालेला पंख’ म्हणतात.

पिसं खाण्याच्या रंगात बुडवून रंगवा. एक मोठा गळ घ्या, मोठ्या माणसाकडून पकडीने त्याचं टोक कापून घ्या. त्यावर भरतकामाचं रेशीम शेजारी-शेजारी वेढे घेत गुंडाळा. वेढा वेढ्यावर चढू देऊ नका. वरून समान अंतर ठेवून जर फिरवा. शेवटी पंख ठेवून दोऱ्याने घट्ट बांधा आणि गाठीला मेण लावा.

जर कुठून आणायची? आजीच्या विरलेल्या पैठणीचा काठ विचारून बघा. जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार असते, वर सोन्याचा मुलामा. केल्सनच्या काळातले कारागीरही अशीच धातूची तार वापरत. फक्त कात्री लावण्याआधी आजीला त्या साडीची गोष्ट सांगायला लावा आणि ती एका चिठ्ठीवर लिहून माशीला बांधा. ट्रिंगच्या त्या पक्ष्यांचं हरवलं ते हेच होतं.