विश्लेषण : बारामतीच्या उसातलं ‘एआय’ ज्या चिपवर अवलंबून आहे, ती घडते कुठे?

बारामतीतील शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. 2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या प्रयोगाचं कौतुक केलं, इलॉन मस्क यांनी त्यावर प्रतिक्रिया दिली आणि बारामतीचा ऊस जगभर गाजला. उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीत पुरलेले सेन्सर यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो: आज पाणी द्या, की थांबा. चर्चा झाली ती एआयची. मातीतला ओलावा आकड्यात बदलणारी चिप मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. खरं तर तिनेच चुकीचा आकडा दिला, तर पुढची सगळी हुशारी वाया जाते.

ही चिप नेमकं काय करते?

ओलावा, उष्णता, क्षार या गोष्टी सलग बदलत असतात. सेन्सरमधून त्यांचा कमी-जास्त होणारा व्होल्टेज मिळतो, तो ॲनालॉग सिग्नल. संगणकाला कळतात फक्त 0 आणि 1. या दोन्ही बाजू सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर सांभाळते ती मिक्स्ड-सिग्नल चिप.

ओलाव्याचे बरेच सेन्सर मातीची विद्युत धारकता मोजतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे 80, कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5. त्यामुळे थोडं पाणी वाढलं तरी सिग्नल हलतो. चिपमधला कन्व्हर्टर हा सिग्नल पायऱ्यांनी मोजतो. 10 बिटांच्या कन्व्हर्टरला 1,024 पायऱ्या, 12 बिटांच्या कन्व्हर्टरला 4,096. 3.3 व्होल्टच्या टप्प्यात 12 बिटांची एक पायरी जेमतेम 0.8 मिलिव्होल्टची असते. शेजारीच चिपचा डिजिटल भाग सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतो, आणि त्याचा गोंगाट एवढा बारीक सिग्नल सहज गिळू शकतो. डिझायनरचा कस लागतो तो इथे. शिवाय हे सगळं बॅटरीवर, महिनोन्‌महिने, उसाच्या दाटीत चालायला हवं.

इंदापूरच्या मातीत अडचण काय?

निरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकातला. त्याने बारामती-इंदापूरला ऊस दिला, तशा जादा पाण्यामुळे चोपण आणि खारवट जमिनीही दिल्या. खारट मातीत वीज सहज वाहते. कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारे स्वस्त सेन्सर त्यामुळे फसतात आणि असतो त्याहून जास्त ओलावा दाखवतात. मोबाइलवर ‘पाणी पुरेसं आहे’ असा संदेश येतो आणि पीक मात्र माना टाकतं. असं दोनदा झालं की शेतकरी ॲप बाजूला ठेवून पुन्हा मोकाट पाणी सोडणार, आणि क्षार आणखी वर येणार.

संशोधन कुठे सुरू आहे?

आयआयटी मुंबई आणि मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांचं काम इथे महत्त्वाचं ठरतं. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपही तंतोतंत सारख्या नसतात; प्रत्येकीचं मोजमाप किंचित सरकलेलं असतं. ती दुरुस्ती चिपमध्येच कायमची नोंदवता यावी म्हणून एकदाच लिहिता येणाऱ्या 8 बिटांच्या मेमरीचं तंत्र या दोघांनी 180 नॅनोमीटर प्रक्रियेत बसवलं आणि 2021 मध्ये ते जाहीर झालं. मोबाइलच्या प्रोसेसरसाठी 3 नॅनोमीटरची शर्यत लागली असली, तरी मातीच्या सेन्सरला 180 नॅनोमीटर पुरतं. आयआयटी मुंबईतच रुजलेल्या ‘सॉइलसेन्स’ या स्टार्टअपने मातीतला ओलावा आणि तापमान मोजणारी स्वस्त यंत्रणाही तयार केली आहे.

बारामती-इंदापूरला यात जागा आहे का?

केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेचं लक्ष्य 85,000 अभियंते घडवण्याचं आहे. सिनॉप्सिस, केडन्स, सीमेन्स यांची महागडी डिझाइन सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या सी-डॅकमधील ‘चिप-इन’ केंद्रामार्फत महाविद्यालयांना वापरता येतात. म्हणजे चिपचा आराखडा तालुक्याच्या गावातूनही करता येऊ शकतो. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. एकाकडे इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी, दुसऱ्याकडे माती-पाण्याची जाण. चोपण जमिनीतल्या नोंदी या दोघांनी मिळून घेतल्या, तर त्या डिझायनरच्या थेट कामाच्या. कारण एकदा कारखान्यात गेलेली चिप हातात यायला काही महिने लागतात, आणि सिलिकॉनवर कोरलेली चूक सॉफ्टवेअरसारखी अपडेट पाठवून काढता येत नाही. खारट मातीचा हिशेब आराखड्यातच धरावा लागतो.