आधी चित्र, मग शहर

खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी, ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. ती साकारायला १९७०मध्ये सिडको ही सरकारी कंपनी आली. १९९०मध्ये वसई-विरारचं नियोजनही तिच्याकडेच गेलं. पण वसई म्हणजे कोरा कागद नव्हे (नवी मुंबई तरी कुठे होती!). इथे केळीच्या वाड्या, मिठागरं आणि बावखलं होती. त्यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती लढली. त्या लढ्यातही उद्याच्या वसईचं एक चित्रच होतं, फक्त आराखड्यात न बसलेलं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं: पावसाचं पाणी धरतं, आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. वसईतल्या जुलै २०१८च्या पुरानंतर बुजवलेल्या बावखलांची आठवण अनेकांना झाली.