गळ, तरंगणारे पीस आणि पोडावरचे कालवण



झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनच्या आसपास कोलाम आणि गोंड बांधवांची वस्ती आहे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडावर जाताना नाल्याकाठी काठी धरून बसलेली मुले दिसली, तर ती वेळ घालवत आहेत असे समजू नये. ज्या दिवशी मजुरी नसते, त्या दिवशी तोच मासा घरच्या कालवणाला होतो.

शुभवर्तमानात मासे बहुधा जाळ्यानेच धरलेले आढळतात. गळाचा उल्लेख मत्तय १७:२७ मध्ये येतो. जाळ्यात पुष्कळ मासे सापडतात, गळाला एका वेळी एकच लागतो. गळाचे मोल नेमके इथेच आहे.

गळाच्या दोरीला वरच्या बाजूस एक हलका तुकडा बांधतात. मोरपिसाचा दांडा, ज्वारीच्या धांड्याचा भेंड किंवा थर्माकोल, काहीही चालते. खाली शिशाचा लहान मणी आणि गळाला गांडूळ. वरचा तुकडा दोन कामे करतो. एक म्हणजे आमिष हव्या त्या खोलीवर धरून ठेवतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून तुकडा वर-खाली सरकवून दोरी मापतात. दुसरे म्हणजे पाण्याखाली काय चालले आहे ते सांगतो. तुकडा नुसता थरथरला, तर बारीक मासे आमिष कुरतडत आहेत, थांबावे. सरळ खाली ओढला गेला, तर काठी उचलावी. उभा असलेला तुकडा आडवा पडला, तर माशाने तळाचे आमिष मण्यासकट वर उचलले आहे, तेव्हाही ओढावे.

मरळ हवेत श्वास घेते, म्हणून मधूनमधून पृष्ठभागावर येते. तिच्यासाठी दोरी आखूड ठेवतात. पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका दिसला, तर मात्र तिथे गळ टाकू नये. आई-बाप त्या पिलांची राखण करत असतात. ते धरले, की सगळी पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

उन्हाळ्यात नाला आटून डोहच उरतात आणि सगळे मासे तिथे गोळा होतात. अशा डोहात कोणी विष किंवा सुरुंगाची दारू टाकली, तर पिलांसकट सारे मरते आणि पुढच्या पावसात बीजच उरत नाही. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने या दोन्ही गोष्टींना बंदी केली होती. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ नुसार पाणवठ्यातील मासे हा गावाचा सामूहिक हक्क ठरू शकतो, तर कलम ५ ने पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे.

म्हणून पोडावर गेलात, तर गळाबरोबर डोहाचीही चौकशी करा. सामूहिक हक्काचा दावा दाखल झाला आहे का, हे विचारा. डोह राखला, तरच मुलांच्या गळाला उद्या मासा लागेल.