जुनं मराठी पुस्तक फोनवर कसं शोधाल?

देवनहळ्ळीपासून पुण्याचा अप्पा बळवंत चौक आठशे किलोमीटरहून लांब आहे. विमानतळ उशाशी असला तरी एका कादंबरीसाठी कोणी विमानात बसत नाही. नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी घरात पुस्तकं येतात ती दिवाळीला गावी जाऊन आल्यावर, बॅगेत चकलीचा डबा बसल्यावर जेवढी जागा उरेल तेवढी. तुम्ही इथे नसाल, इंदूरला किंवा दुबईला असाल, तरी हिशेब साधारण हाच असणार.

पण जुन्या मराठी पुस्तकांच्या एका फार मोठ्या डिजिटल साठ्याचं मूळ देवनहळ्ळीपासून तासाभराच्या अंतरावर आहे. बेंगळुरूची माणसं ज्याला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, त्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाबरोबर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चं काम उभं केलं. तिकडून राज रेड्डी, इकडून प्रा. एन. बालकृष्णन. देशभरातल्या ग्रंथालयांमधली सुमारे साडेपाच लाख पुस्तकं स्कॅन झाली. त्यांत मराठीही भरपूर होती: कादंबऱ्या, चरित्रं, बखरी, वैद्यकाची पुस्तकं, नाटकं.

त्यातली काही पुस्तकं अजून लेखकांच्या हक्कांत होती. त्यावरून प्रश्न उभे राहिले आणि मूळ साइट पुढे बंद झाली. सगळं काम पाण्यात जायचं, पण कार्ल मालमुड या अमेरिकन कार्यकर्त्याने त्यातल्या लाखो पुस्तकांच्या प्रती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आणून ठेवल्या होत्या. तिथे एखाद्या पुस्तकाच्या फाइलच्या नावात ‘डीएलआय’ आणि ‘२०१५’ दिसलं, की ते या साठ्यातलं समजा.

आता खरी अडचण. पुस्तक तिथे असतं, पण तुम्हाला सापडत नाही. कारण नावं टाइप करणाऱ्यांनी ती इंग्रजी अक्षरांत, एका विचित्र पद्धतीने लिहिली आहेत. ‘आ’ असेल तिथे ए हे अक्षर दोनदा, ‘ई’ असेल तिथे आय दोनदा, मध्येच एखादं अवतरणचिन्ह. त्यामुळे आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसं ‘श्यामची आई’ टाकलं तर हाताला काही लागेलच असं नाही. आधी देवनागरीत शोधा, मग साध्या इंग्रजी अक्षरांत, मग ही दुहेरी अक्षरं घालून. तरी नाही मिळालं तर फक्त लेखकाचं आडनाव टाका आणि बाजूच्या चाळणीत भाषा मराठी निवडा. माझ्या मते हा शेवटचा मार्गच सगळ्यांत बरा, कारण त्यात न शोधलेलंही काहीतरी हाती लागतं.

डाउनलोड करण्याआधी पानं चाळून घ्या. या स्कॅनमध्ये कुठे पान गाळलेलं असतं, कुठे उलटं, कुठे स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच छापून आलेला. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असतात, त्यांतली बरी निवडा. फाइल मोठी असते, तेव्हा वायफाय असताना उतरवा आणि वाचताना फोन आडवा धरा.

जुन्या भाषेत एखादा शब्द अडला, तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७चा कोश आहे आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही. दोन्ही फुकट.

कोणतं पुस्तक असं मोकळेपणी घ्यावं? आपल्याकडे साधारण नियम असा की लेखक गेला ते वर्ष संपल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतात. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं आता सगळ्यांची आहेत. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०३० उजाडायची वाट पाहायची. पु. ल. गेले २००० साली, तेव्हा २०६१! म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर ‘पु. ल. संपूर्ण’ अशी पीडीएफ फिरत आली, तर ती पुढे ढकलू नका. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या मुळात लहान. त्यातही फुकट्यांनी हात मारला तर नवं लिहिणाऱ्याने काय करायचं?

नव्या पुस्तकांसाठी बुकगंगा आहे, किंडल आहे, कानांनी वाचायचं तर स्टोरीटेल. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं मोफत मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं साइटवर खुली ठेवली आहेत. त्यांत इतिहास, विज्ञान, चरित्र असं बरंच काही आहे, पण याची खबर फार थोड्यांना असते.

घरात लहान मूल असेल तर मात्र सुरुवात ‘स्टोरीवीव्हर’पासून करा. बेंगळुरूच्याच प्रथम बुक्सने २०१५ साली ते सुरू केलं. चित्रांच्या गोष्टी, वाचनाच्या पायरीप्रमाणे लावलेल्या, वाचायला आणि उतरवायला मोफत. एकच गोष्ट अनेकदा मराठीतही असते आणि कन्नडमध्येही. शाळेत कन्नड आणि घरी मराठी अशा मुलाला तीच चित्रं, तीच गोष्ट दोन्ही लिप्यांत दाखवता येते. आणि आपल्याला कन्नड अक्षरं अजून ओळखता येत नसतील, तर शिकवणारं घरातच असतं.

आजी-आजोबा गावाहून राहायला आले असतील, तर त्यांच्यासाठी बालभारतीची साइट उघडा. तिथे आजची पाठ्यपुस्तकं आहेतच, जुन्या पाठ्यपुस्तकांचाही वेगळा विभाग आहे. त्यांच्या शाळेच्या वर्षांतलं एखादं मराठीचं पुस्तक शोधून फोन हातात द्या. फक्त आधी सगळ्यांची जेवणं उरकून घ्या.