गुरूचे घर आणि कलेक्टरचा दाखला

टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे चालत निघाले की काही मिनिटांत ठाण्याचे जिल्हाधिकारी कार्यालय येते. जिल्ह्यातील तृतीयपंथी व्यक्तीला ओळखीचा दाखला देण्याचे काम २०१९ च्या केंद्रीय कायद्याने या कार्यालयाकडे सोपवले. मुंब्रा, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, अर्ज कुठल्याही गावचा असो, सही इथली. मात्र अर्जदार त्या सहीपर्यंत पोचतो तो पुष्कळदा कोणाचा तरी हात धरून, आणि तो हात जन्मदात्या घरचा असतोच असे नाही.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष या रकान्यांखेरीज ‘इतर’ अशी नोंद प्रथमच झाली. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद त्या रकान्यात पडली. घरातल्या मंडळींनी सांगितले ते प्रगणकाने लिहिले, म्हणून हा आकडा कमीतकमीचा समजावा. ठाणे तेव्हा पालघरसह एकच जिल्हा होता आणि लोकसंख्येने देशात सर्वांत मोठा.

घर सुटलेल्या मुलाला हिजडा समाजात आसरा मिळतो तो गुरूकडे. चेला होण्याच्या विधीला रीत म्हणतात. रीत झाली की गुरूचे घर ते आपले घर, गुरूचे इतर चेले ते गुरुभाई, आणि चेल्याचा चेला तो नातीचेला. मुंबई-ठाणे पट्ट्यात लष्करवाले, भेंडीबाजारवाले, पुणेवाले, बुलाकवाले अशी घराणी आहेत. प्रत्येकाचा नायक असतो. बधाई (लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे घेणे) आणि मंगती (भीक मागणे) यांचे इलाके वाटलेले असतात. भांडण झाले तर ते जमातीपुढे जाते, दोषी ठरलेल्याला दंड बसतो. चेल्याच्या कमाईतला वाटा गुरूकडे जातो आणि त्या बदल्यात आजारपण, निर्वाणाचा (लिंगछेदाच्या विधीचा) खर्च, म्हातारपण, अगदी अंत्यविधीही घराणे सांभाळते. सरकारी विमा आणि निवृत्तिवेतन दाराशी येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था चालू आहे, त्यामुळे तिला नुसती रूढी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. तिचे गोडवे गाणेही चूकच. गुरू बदलायचा तर पैसे मोजावे लागतात, कर्ज चेल्याच्या मानगुटीवर बसते, इलाक्यावरून मारामाऱ्या होतात. शिवाय मुलगी म्हणून जन्मलेल्या आणि पुरुष म्हणून जगू पाहणाऱ्या पारलिंगी व्यक्तीला या घराण्यांत जागाच नाही.

कायद्याने या समाजाकडे बघण्याची दृष्टी गेल्या दशकात अनेकदा बदलली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या म्हणजे ‘नालसा’ खटल्यात निकाल दिला की लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा, शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, आणि या समाजाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे. पुढे संसदेत आलेल्या २०१६ च्या विधेयकात लिंगओळख तपासणारी छाननी समिती होती. तृतीयपंथीयांना भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षाही होती. दुसऱ्या तरतुदीचा रोख उघडच गुरूवर होता. देशभर विरोध झाला आणि २०१९ च्या कायद्यातून ही दोन्ही कलमे गळाली. मंगतीवरची टांगती तलवार मात्र हटली नाही, कारण लोकलच्या डब्यात रेल्वे कायदा आणि रस्त्यावर १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा होताच.

१० जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या त्या कायद्याने दाखल्याचे दोन टप्पे ठेवले. ‘तृतीयपंथी’ अशी नोंद स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर, वैद्यकीय तपासणीविना होणार होती. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेनंतर, रुग्णालयाच्या प्रमाणपत्रासह. नालसा निकालाशी हा दुसरा टप्पा जुळत नाही, हा आक्षेप तेव्हापासूनचा. २०२० च्या नियमांनी दाखल्यासाठी ३० दिवसांची मुदत घातली आणि अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेला असावा असेही म्हटले. घरून पळून आलेल्या, चाळीतल्या खोलीत चारपाच जणांत राहणाऱ्या माणसाला पत्त्याचा पुरावा कुठून मिळायचा? इथे गुरूचे घर कामी येते आणि समाजाच्या संस्था कामी येतात.

ठाण्यात जन्मलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी २००७ मध्ये ‘अस्तित्व’ ही संस्था काढली. नालसा खटल्यात त्या हस्तक्षेप अर्जदार होत्या. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून उभ्या राहिलेल्या अशा संस्थांकडे आता अर्ज भरून देणे, पोलीस ठाण्यात सोबत जाणे, रुग्णालयात कोणत्या वॉर्डात घ्यायचे यावरून वाद घालणे हीही कामे येऊन पडतात. दाखला हाती असला की त्याचे मोल कळते: २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आयुष्मान भारत टीजी प्लस योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद झाली, त्यात लिंगबदलाच्या शस्त्रक्रियाही धरल्या, आणि पात्रतेसाठी हाच दाखला मागितला.

कायद्याची खरी उणीव कुटुंबाच्या व्याख्येत आहे. रक्त, विवाह किंवा कायदेशीर दत्तक यांनी जोडलेले तेच कुटुंब, असे २०१९ चा कायदा सांगतो. आईवडील सांभाळू शकत नसतील तर न्यायालयाने त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवावे, असेही सांगतो. गुरूच्या घराचा त्यात उल्लेख नाही. वास्तविक मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९९० मध्येच गुरू-चेला परंपरेतील वारसाहक्काची रूढी ग्राह्य धरली होती.

संसदेने जे अर्धवट ठेवले ते न्यायालये तुकड्यातुकड्याने भरत आली. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे महिला राखीव प्रभागातून अर्ज भरणाऱ्या तृतीयपंथी उमेदवाराच्या बाजूने औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना ठेवा आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारला बजावले. आरक्षणाचा प्रश्न मात्र अडला: कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिले, तर महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये न्यायालयात जादा आरक्षण अवघड असल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दोन शाळांनी नोकरी नाकारलेल्या तृतीयपंथी शिक्षिकेच्या याचिकेवर, सरकारांच्या ढिलाईवर कोरडे ओढले आणि समान संधी धोरणाचा मसुदा करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

घराण्यात जागा नसलेल्यांसाठी केंद्राने ‘गरिमा गृह’ नावाची निवारागृहे काढली. पहिले नोव्हेंबर २०२० मध्ये वडोदऱ्याला सुरू झाले, पुढे मुंबईलाही एक आले. एका गृहाची क्षमता साधारण २५ जणांची ठरवली होती. ठाणे-कल्याणसारख्या पट्ट्याला तेवढ्या खाटा किती पुरणार, हे सांगायला हिशेबनीस नको.