कष्टाची कंबर आणि ताणाचा व्यायाम

कंबर मोडेपर्यंत राबणे ही आपल्याकडे नुसती म्हणायची गोष्ट नाही. सातारा-सांगलीकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस, कराडच्या फडांत नवरा-बायको पहाटेपासून वाकून ऊस तोडतात. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवतात. पावसाळ्यात पाटण-जावळीच्या बाया चिखलात वाकून भात लावतात. तासगावच्या द्राक्षबागेत मात्र उलटे असते. तिथे मान वर, हात वर आणि कंबर मागे झुकलेली. विट्याच्या मागावर दिवसभर उभे राहणे, शिलाई मशीनवर तासन् तास बसणे. कामे निराळी, पण दिवस मावळला की हात जातो कमरेवरच.

ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते. खाडा झाला की पैसे कापले जातात. म्हणून आपली माणसे दुखणे अंगावर काढतात. दुखणे थांबवणारी गोळी घ्यायची, पट्टा आवळायचा आणि पुन्हा कामाला लागायचे. पण अशा गोळ्या दीर्घकाळ मनाने घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

विश्रांती की हालचाल?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट कंबरदुखी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ओढणे हे उपाय मात्र सरसकट करू नयेत, असे सांगितले आहे. अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू आणखी कमजोर होतात, हेही आपण ध्यानात घ्यावे.

योगासनेच हवीत का, असे कोणी विचारील. अमेरिकेत २२८ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. योगाच्या वर्गाने आणि साध्या ताणाच्या व्यायामाच्या वर्गाने जवळजवळ सारखाच आराम पडला, आणि नुसते पुस्तक वाचून स्वतः उपाय करणाऱ्यांपेक्षा दोन्ही गट बरे राहिले. म्हणजे अवघड आसन जमले नाही तरी बिघडत नाही. घोंगडी आणि दहा मिनिटे पुरेत.

कामाच्या उलट ताण द्या

मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला चिकटलेले असतात. ते आखडले की वाकताना खुबा नीट वळत नाही आणि सारा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. रोज हळू ताण दिल्याने हालचाल मोकळी होते आणि शरीराला ताण सोसायची सवय होते. आमचे सांगणे एवढेच, की दिवसभर शरीर ज्या बाजूला वाकले, त्याच्या उलट बाजूला त्याला न्यावे.

१. ऊसतोड, भांगलण, भातलावण करणाऱ्यांनी तासा-दोन तासांनी उभे राहून हात कमरेवर ठेवावेत आणि सावकाश मागे झुकावे. असे पाच वेळा.

२. बागेत हात वर करून काम करणाऱ्यांनी उताणे झोपून एकेक गुडघा छातीशी घ्यावा व वीस-तीस सेकंद धरावा.

३. सर्वांनी उताणे झोपून तळव्याला ओढणी किंवा टॉवेल अडकवून एक पाय सरळ वर घ्यावा. मांडीमागे ओढ जाणवली की थांबावे, मग दुसरा पाय.

४. हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर करावी, मग खाली सोडावी. असे दहा वेळा.

हिसका देऊ नये, श्वास रोखू नये. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्या उठल्या खोल वाकण्याआधी थोडे चालावे. फरक दिसायला काही आठवडे लागतात. कळ पायात उतरू लागली तर तो व्यायाम सोडावा. गरोदर बायांनी व नुकत्याच बाळंत झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

हे दिसले तर थांबू नका

लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा किंवा पायातली शक्ती जाणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पडल्यानंतरचे दुखणे, झोपेतही न थांबणारी कळ, संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे यांकडेही दुर्लक्ष नको. मणक्याचा क्षयरोग असू शकतो. त्यावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सातारचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय रुग्णालय गाठावे आणि न संकोचता सारे सांगावे.

शेवटी एक सांगणे आहे. व्यायामाने दुखणे हलके होते, मोळी हलकी होत नाही. मोळी लहान बांधणे, उचलताना दुसऱ्याचा हात घेणे, मधे विसावा मागणे याला कामचुकारपणा म्हणू नये. घरातही पाण्याची घागर एकट्या सुनेच्याच डोक्यावर का? आजपासून रात्री जेवणाआधी घरातल्या सर्वांनी मिळून दहा मिनिटे काढावीत. म्हाताऱ्यांनी जमेल तेवढे करावे, पोरांनी मोजावे.