जालना रोडवरचा टनांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून मोंढा नाक्याकडे निघालं, की जालना रोडच्या दोन्ही अंगांना दुकानं, दवाखाने, क्लासेस आणि लॉज एकाच इमारतीत मजल्यांवर मजले चढवून बसलेले दिसतात. समोर काच, मागे अरुंद डक्ट आणि त्या डक्टमध्ये एकावर एक टांगलेले एसीचे आउटडोअर. खालच्याने सोडलेली गरम हवा वरचा ओढून घेतो, त्याची त्याच्याही वरचा. एसीच्या क्षमतेचा आकडा बाहेर ३५ अंश सेल्सिअस धरून छापलेला असतो. मे महिन्यात शहराचा पारा चाळिशी ओलांडतो आणि असल्या डक्टमध्ये तो आणखी चढतो. पैसे दीड टनाचे मोजलेले असतात, थंडावा तेवढा मिळत नाही.

म्हणूनच आता टेरेसवर एक मोठा आउटडोअर आणि त्याला जोडलेले खोलीखोलीतले इनडोअर, या रचनेकडे बांधकाम करणारे वळत आहेत. चार-पाच खोल्यांपुरती असली तर मल्टी-स्प्लिट, मोठी असली तर व्हीआरएफ. ही दुसरी पद्धत जपानच्या डायकिनने १९८२ मध्ये बाजारात आणली. मागणीप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलतो आणि प्रत्येक खोलीला हवा तेवढाच गॅस जातो. पद्धत उत्तम आहे. पण ती निवडतानाही आपल्याकडे ‘शंभर फुटाला एक टन’ हाच आडाखा चालतो, आणि इथे तो फार महागात पडतो.

जालना रोड या भागात साधारण पूर्व-पश्चिम जातो. त्यामुळे एका बाजूच्या दुकानांची तोंडं उत्तरेला, दुसऱ्या बाजूची दक्षिणेला. शहर जवळपास २० अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या काचेवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा स्लॅबवर असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या काचेतूनही शिरतं. डिसेंबरात उलट घडतं. दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो आणि दक्षिणेची काच तापते. समोरासमोरच्या, सारख्याच मापाच्या दोन गाळ्यांची गरज त्यामुळे वेगळी असते. चौरस फुटांच्या आडाख्याला हे कळायला मार्ग नाही.

उदाहरणादाखल वरच्या मजल्यावरचा ६०० चौरस फुटांचा क्लास घेऊ. आडाख्याने उत्तर येतं सहा टन. आता खरा हिशेब मांडू. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. बसलेलं माणूस सुमारे १२० वॉट उष्णता देतं, म्हणजे चाळीस मुलांची झाली जवळपास १.४ टन. एवढ्या मुलांना बाहेरची ताजी हवा हवीच. मेच्या दुपारी ती थंड करायला आणखी साधारण सव्वा टन लागतो. उघड्या आरसीसी स्लॅबमधून दुपारनंतर सव्वा टन उतरतो. वर भिंती, खिडक्या, दिवे. याच स्लॅबवर ५० मिलिमीटरचा चांगला इन्सुलेशनचा थर आणि पांढरा चायना मोझॅक घातला, तर तो सव्वा टन पाव टनावर येतो. यंत्र छोटं लागतं, आणि वीजबिलात होणारी बचत इमारत उभी असेपर्यंत चालू राहते. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांनी मातीच्या जाड थराने हेच काम केलं. एसीच्या कोटेशनआधी छताचं काम करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

इनडोअर निवडताना त्या त्या खोलीचा सर्वांत वाईट तास पाहायचा. आउटडोअर निवडताना मात्र या आकड्यांची नुसती बेरीज करायची नाही, कारण सगळ्या खोल्यांचा वाईट तास एकाच वेळी येत नाही. दवाखाना सकाळी नि संध्याकाळी भरतो, क्लास शाळा सुटल्यावर, दुकानात गर्दी दिवेलागणीला. समजा इनडोअरची बेरीज १६ टन झाली आणि एकाच वेळची कमाल गरज १३ टन निघाली. व्हीआरएफचे आउटडोअर एचपीत मोजतात. १६ एचपीचा म्हणजे कागदावर ४५ किलोवॉट, १२.८ टन. पण हा आकडाही ३५ अंशांचा. उन्हाची आणि लांब कॉपर पाइपची मिळून दहा टक्के घट धरली, तर सुमारे १३ टन प्रत्यक्ष मिळायला १८ एचपीचा लागेल. ही घट कंपनीच्या तक्त्यात छापलेली असते, ती पाहूनच निर्णय घ्यावा.

‘असू दे थोडा मोठा’ हेही नको. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली पटकन गार करून थांबतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण दमट राहते.

हीटिंगचा भार आपल्याकडे किरकोळ आहे, त्यामुळे माप कूलिंगवरूनच ठरतं. तरीही ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणजे हीट पंपच घ्यावा, असं मला वाटतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लॉजच्या खोलीत किंवा फिजिओथेरपीच्या टेबलावर उबेची गरज असते, आणि साध्या हीटरपेक्षा हीट पंप तेवढीच ऊब सुमारे एक-तृतीयांश विजेत देतो. मात्र साध्या व्हीआरएफमध्ये एका आउटडोअरवरच्या सगळ्या खोल्या एका वेळी एक तर गार होतात किंवा गरम. डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेचं काचेचं दुकान थंडावा मागतं, उत्तरेची तपासणीची खोली ऊब. दोन्ही एकाच वेळी देणारी हीट रिकव्हरी मिळते, पण आपल्या हिवाळ्यासाठी तिचा खर्च परवडत नाही. दिशेप्रमाणे दोन आउटडोअर करावेत, प्रश्न तिथेच सुटतो.

कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर इथे चांगलं काम करतो, हे खरं आहे. पण ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे चार मजली इमारत पाण्यावर थंड ठेवणं मला पटत नाही. कूलिंग टॉवरचंही तेच. हवेवर चालणारी यंत्रणाच इथे योग्य.

पण गाळे वेगवेगळ्या मालकांचे नि मीटर वेगवेगळे असतील, तर एकच मोठी यंत्रणा घेऊ नये. बिलाची वाटणी वादात जाते आणि आउटडोअर बंद पडला की सगळ्यांचेच हाल होतात. तिथे टेरेसवर मोकळ्या हवेत ठेवलेले स्वतंत्र इन्व्हर्टर स्प्लिट बरे. एकाच मालकाचं रुग्णालय, लॉज किंवा कार्यालय असेल तर व्हीआरएफ घ्यावा. मात्र गळती झाल्यास साऱ्या इमारतीचा गॅस एका छोट्या बंद खोलीत साचू शकतो. तो धोका डिझाइन करणाऱ्याने तपासलेला असायला हवा.

कोटेशन देणाऱ्याकडे उष्णताभाराचा खोलीवार लेखी हिशेब मागा. काचेची दिशा, छताचा थर, माणसांची संख्या, ताजी हवा आणि ४२ अंशांना आउटडोअरची प्रत्यक्ष क्षमता, या पाच गोष्टी त्यात नसतील, तर सही करू नका.